उंच मोटारीचा नवा सांगाडा

नवी मोटार बाजारात येते तेव्हा तिचा रंग, तिचे दिवे, आतली आसने आणि किंमत ह्यांचीच चर्चा अधिक होते. पत्र्याच्या आत दडलेल्या सांगाड्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. प्रवाशांचा जीव मात्र ह्या सांगाड्यावरच अवलंबून असतो. ह्या लेखात आपण अशाच एका मोटारीची माहिती घेणार आहोत. तिचे नाव जुनेच राहिले आणि सांगाडा मात्र संपूर्ण बदलला.

२६ जुलै २०१० रोजी अमेरिकेतील फोर्ड कंपनीने आपली नवी 'एक्सप्लोरर' लोकांपुढे आणली. मोटारींच्या प्रदर्शनात पडदा बाजूला सारण्याची जुनी रीत सोडून कंपनीने ती फेसबुकवरून जाहीर केली, म्हणून त्या वेळी ह्या समारंभाचा बराच गाजावाजा झाला. मोटार सात माणसांची, सुमारे ५ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि २,००० किलोग्रॅमहून थोडी अधिक वजनाची होती. अशा मोटारीला 'क्रॉसओव्हर' म्हणतात. बागेतले आंब्याचे कलम तुम्ही पाहिले असेल. खुंट एका झाडाचा आणि वरची फांदी दुसऱ्या झाडाची असते. क्रॉसओव्हर हे असेच एक कलम आहे. तिचा खुंट साध्या मोटारीचा आणि वरचे रूप जीपचे असते.

हे कलम करण्याची गरज का पडली? त्यासाठी थोडे मागे जायला हवे.

शिडीवर बसवलेले घर

दुसऱ्या महायुद्धात जीप प्रसिद्धीला आली. तिची रचना मालमोटारीसारखी होती. पोलादाच्या दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे अशी एक चौकट असते. जमिनीवर ठेवलेल्या शिडीसारखी ती दिसते. हिलाच चासी म्हणतात. एंजिन, पाटे, चाके हे सारे ह्या शिडीला जोडतात, आणि माणसे बसण्याचा डबा तिच्यावर बोल्टांनी आवळतात. स्वातंत्र्यानंतर लवकरच महिंद्र कंपनीने मुंबईत जीप जुळवण्यास सुरुवात केली. आपल्या खेड्यापाड्यांत वर्षानुवर्षे धावलेल्या त्या जीपचा सांगाडाही ह्याच जातीचा होता.

शिडीच्या चासीचे गुण पुष्कळ आहेत. तिच्यावर जड माल लादता येतो. मागे जड वाहन ओढता येते. एकाच शिडीवर आज मालमोटारीचा हौदा, तर उद्या रुग्णवाहिकेचा डबा बसवता येतो. डब्याला मार लागला तरी चासी शाबूत असेल तर दुरुस्ती सोपी जाते.

परंतु ह्या गुणांबरोबर एक अडचण येते. माणसे शिडीच्या वर बसतात, त्यामुळे मोटारीची जमीन उंच जाते. तिच्याखाली मागच्या चाकांकडे शक्ती नेणारा लांब दांडा फिरत असतो. खडबडीत वाटेवर खालचा भाग दगडांना लागू नये म्हणून सारी मोटार आणखी थोडी वर उचललेली असते. गाडी जितकी उंच, तितका तिचा गुरुत्वमध्य उंच.

शेतावर किंवा डोंगरात हळू चालवताना ह्याची फारशी बाधा होत नसे. पण १९९० साली पहिली एक्सप्लोरर आली आणि चित्र बदलले. तिचा पाया फोर्डच्याच एका छोट्या मालमोटारीचा होता, पण तिला चार दारे होती आणि ती घेणारी माणसे शहरातली, मुलाबाळांची होती. मुलांना शाळेत सोडणे, बाजारहाट करणे आणि सुटीत रुंद महामार्गावरून ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जाणे, असा तिचा वापर होऊ लागला. मालमोटारीच्या सांगाड्यावर कुटुंब बसले आणि ते मोटारीच्या वेगाने धावू लागले. लोकांना ती इतकी आवडली की एकट्या २००० साली अमेरिकेत सुमारे ४ लाख ४५ हजार एक्सप्लोरर विकल्या गेल्या.

२००० सालचा धडा

त्याच वर्षी, म्हणजे २००० सालच्या ऑगस्ट महिन्यात, फायरस्टोन ह्या कंपनीने आपले सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले. ह्यांतले बरेचसे टायर एक्सप्लोरर मोटारींना बसवलेले होते. वेगात असताना टायरचा जमिनीला लागणारा वरचा पट्टा सुटून येई, चालकाचा ताबा जाई आणि पुष्कळदा मोटार कलंडून कोलांट्या खाई. अमेरिकेत अशा अपघातांत २७० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

टायरचा पट्टा का सुटावा? टायर फिरताना जमिनीला टेकणारा त्याचा भाग दबतो आणि पुन्हा फुगतो. ह्या दबण्या-फुगण्यात रबर तापते. हवा कमी असेल तर टायर अधिक दबतो. ओझे जास्त, वेग जास्त आणि उन्हाळाही कडक असेल, तर उष्णता आणखी वाढते आणि थरांमधली पकड सैल होते. टायर सदोष असेल तर ह्या साऱ्याचा परिणाम लवकर दिसतो. दोष टायरचा की मोटारीचा, ह्यावरून दोन्ही कंपन्यांत मोठा वाद झाला आणि २००१ साली त्यांचा सुमारे शंभर वर्षांचा संबंध तुटला. एक्सप्लोररचीही चौकशी करावी ही टायर कंपनीची मागणी अमेरिकेच्या सुरक्षा प्रशासनाने २००२ साली नाकारली. मात्र एका प्रश्नाकडे आता सर्वांचे लक्ष वेधले गेले होते. ताबा सुटल्यावर ठेंगणी मोटार बहुधा घसरत जाऊन थांबते, मग उंच मोटार का कलंडते?

कलंडण्याचे गणित

ह्याचे उत्तर नववी-दहावीच्या भौतिकशास्त्रात आहे. मोटार वळण घेते तेव्हा तिचे जडत्व तिला सरळ पुढे नेऊ पाहते. रस्त्याचे घर्षण मात्र चाकांना वळणाच्या आतल्या बाजूला ओढते. घर्षण जमिनीलगत लागते आणि मोटारीचे वजन एकवटलेले असते वर, गुरुत्वमध्यापाशी. ह्या अंतरामुळे मोटार बाहेरच्या बाजूला कलंडू पाहते. गुरुत्वमध्य जितका वर, तितका हा कल जोरदार. त्याला विरोध करते ते मोटारीचे वजन. ते गुरुत्वमध्यातून सरळ खाली लागते आणि बाहेरच्या चाकांपासून त्याचे अंतर डाव्या-उजव्या चाकांमधील अंतराच्या निम्मे असते. चाके जितकी दूरदूर, तितका हा विरोध बळकट.

दोहोंची तुलना करणारी एक साधी संख्या काढता येते. डाव्या-उजव्या चाकांमधील अंतराच्या निमपटीला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचे. ह्या भागाकाराला आपण 'स्थिरतांक' म्हणू. वळणावरचे त्वरण गुरुत्व त्वरणाच्या स्थिरतांकपट झाले की आतली चाके जमीन सोडू लागतात.

समजा, तीन मोटारी आहेत.

पहिली ठेंगणी मोटार. चाकांमधील अंतर १.५० मीटर, गुरुत्वमध्य ०.५५ मीटर उंच. स्थिरतांक ०.७५ भागिले ०.५५, म्हणजे १.३६.

दुसरी शिडीवरची उंच मोटार. अंतर तेच, पण गुरुत्वमध्य ०.७४ मीटर उंच. स्थिरतांक १.०१.

तिसरी रुंद क्रॉसओव्हर. अंतर १.७० मीटर, गुरुत्वमध्य ०.७० मीटर उंच. स्थिरतांक १.२१.

अमेरिकेच्या सुरक्षा प्रशासनाने २००१ साली ह्याच स्थिरतांकावरून मोटारींना तारे द्यायला सुरुवात केली. १.४५ किंवा अधिक असेल तर पाच तारे आणि १.०४ किंवा कमी असेल तर एकच तारा. एका तारकेच्या मोटारीला एकटीलाच अपघात झाला, तर ती कलंडण्याची शक्यता ४० टक्क्यांहून अधिक धरली होती. पाच तारकांच्या मोटारीसाठी ती १० टक्क्यांहून कमी होती. वरच्या तीन मोटारींना त्या कोष्टकाप्रमाणे अनुक्रमे चार, एक आणि तीन तारे मिळतील. पुढे ह्या तपासणीत प्रत्यक्ष मोटार चालवून घेतलेल्या चाचणीचीही भर पडली.

हे करून पाहा

भरलेली एक काड्यापेटी घ्या. एका फळीवर पातळ पट्टी चिकटवा, म्हणजे पेटी तिला अडेल आणि खाली घसरणार नाही. पेटी प्रथम आडवी, मोठ्या पृष्ठावर ठेवा आणि फळी हळूहळू तिरपी करा. पेटी कोणत्या कोनाला उलटते ते कोनमापकाने मोजा. आता पेटी तिच्या लांब, अरुंद कडेवर उभी करून तोच प्रयोग करा. कोन किती कमी झाला? शेवटी उभ्या पेटीच्या वरच्या कडेला मेणाने एक नाणे चिकटवा आणि पुन्हा मोजा. नंतर तेच नाणे खालच्या बाजूला चिकटवून पाहा. उलटण्याच्या कोनाचा स्पर्शक, म्हणजेच 'टॅन', हा त्या वस्तूचा स्थिरतांक असतो. आपल्या दुसऱ्या मोटारीसाठी हा कोन सुमारे ४५ अंश येतो आणि पहिलीसाठी जवळजवळ ५४ अंश. टपावर सामान रचून वर माणसे बसवलेली जीप वळणावर का दगा देते, हे ह्या एका नाण्यावरून ध्यानात येईल.

मोटारीला लागलेली ठेच

येथे एखादा चौकस विद्यार्थी हरकत घेईल. ४० मीटर त्रिज्येच्या वळणावर दुसरी मोटार किती वेगाला कलंडेल ते काढून पाहू. वेगाचा वर्ग बरोबर १.०१ गुणिले ९.८ गुणिले ४०, म्हणजे सुमारे ३९६. म्हणजे वेग सेकंदाला जवळजवळ २० मीटर, अर्थात ताशी सुमारे ७२ किलोमीटर. परंतु कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरचा घर्षणांक ०.८ धरला, तर त्याच वळणावर मोटार ताशी सुमारे ६४ किलोमीटरलाच घसरू लागेल. मग ती कलंडण्याची वेळ येणारच कशी?

हरकत रास्त आहे. खऱ्या मोटारीला स्प्रिंगा असतात, वळणावर ती झुकते, टायर दबतात आणि त्यामुळे तिची प्रत्यक्ष स्थिरता हिशोबापेक्षा थोडी कमी भरते. तरीही सपाट कोरड्या रस्त्यावर निव्वळ वळण्याने मोटार उलटणे विरळाच. अमेरिकेतील नोंदींवरून असे दिसते की, एकट्या मोटारीच्या कलंडण्याच्या अपघातांपैकी सुमारे ९५ टक्के अपघातांत मोटारीला ठेच लागलेली असते. ताबा सुटलेली मोटार आडवी घसरत रस्त्याबाहेर जाते. तेथे चाके मऊ मातीत रुततात किंवा पदपथाच्या कडेला अडतात. खालून चाके थांबली, वरचे धड मात्र पुढे जात राहिले. धावताना दगडाला पाय अडला की आपण तोंडघशी पडतो, तोच हा प्रकार. अशा वेळी स्थिरतांक कमी असलेली मोटार आधी उलटते.

असे अपघात संख्येने थोडे असतात, पण फार घातक असतात. २०१० साली अमेरिकेत मोटारी, जीपवजा गाड्या आणि छोट्या मालमोटारी ह्यांच्या अपघातांपैकी फक्त २ टक्क्यांच्या आसपास अपघात कलंडण्याचे होते. त्या वाहनांतील मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश मृत्यू मात्र त्याच अपघातांत झाले. ही संख्या ७,६०० च्या वर जाते.

शिडी गेली, पेटी आली

आता २०१० च्या नव्या एक्सप्लोररकडे वळू. तिच्यात खालची शिडी वेगळी नव्हती. जमीन, बाजूचे खांब, छत आणि दारांच्या चौकटी मिळून पत्र्याची एक बंद पेटी तयार होते आणि ती पेटीच सारा भार पेलते. ह्याला एकसंध सांगाडा किंवा मोनोकॉक म्हणतात. अंड्याला वेगळी चौकट नसते, त्याचे कवचच सारा जोर सोसते. तशीच ही कल्पना आहे.

ती नवी मुळीच नाही. इटलीच्या लान्सिया कंपनीने १९२२ साली भार पेलणारे धड असलेली मोटार दाखवली होती. फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीने १९३४ साली एकसंध सांगाड्याची मोटार मोठ्या प्रमाणावर विकायला काढली. आणि गंमत म्हणजे, आपल्याकडे अनेक वर्षे ओळखीची असलेली ॲम्बॅसडरदेखील एकसंध सांगाड्याचीच होती. ठेंगण्या मोटारींनी शिडी केव्हाच टाकली होती. जीपच्या वंशातील गाड्यांनी ती सोडायला वेळ लावला इतकेच.

पातळ पत्र्याची पेटी जाड तुळयांच्या शिडीला भारी कशी पडते, हे पाहायला आणखी एक सोपा प्रयोग करा. बुटांचा रिकामा खोका घ्या. झाकण काढून त्याची दोन टोके दोन हातांनी धरा आणि ओला कपडा पिळतो तसा तो पिळून पाहा. तो सहज पिळवटतो. आता झाकण लावून कडा चिकटपट्टीने पक्क्या करा आणि पुन्हा पिळा. तोच पुठ्ठा, पण आता तो दाद देत नाही. पुठ्ठा अगदी थोडा वाढला आणि ताठपणा मात्र कितीतरी पट वाढला. उघड्या आकारापेक्षा बंद आकार पिळाला फार अधिक विरोध करतो. सायकलची चौकट भरीव सळ्यांऐवजी पोकळ नळ्यांची करतात त्यामागेही असाच विचार आहे. मध्यापासून दूर असलेले साहित्य अधिक उपयोगी पडते.

एकसंध सांगाड्यामुळे शिडीची जागा वाचली आणि मोटारीची जमीन खाली आली. नव्या गाडीची चाके एकमेकांपासून दूर, सुमारे १.७ मीटरवर बसवली होती. २००२ सालच्या नमुन्यापासूनच कंपनीने ती दूर सरकवायला सुरुवात केली होती. गुरुत्वमध्य खाली आणि चाके दूर, म्हणजे वरच्या भागाकारातील अंश वाढला आणि छेद घटला. नवी गाडी आधीच्या नमुन्याहून लांब असूनही तिचे वजन थोडे कमीच भरले.

चुरगळणे आणि न चुरगळणे

सांगाड्याचे दुसरे काम टकरीच्या वेळी असते. २,००० किलोग्रॅमची मोटार ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा २ लाख २५ हजार जूल होते. सुमारे साडेअकरा मीटर, म्हणजे जवळजवळ चार मजल्यांच्या उंचीवरून मोटार खाली टाकल्यासारखेच हे आहे. भिंतीवर आदळताच ही ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते.

मोटारीचा पुढचा भाग अगदी ताठ असला आणि ती अवघ्या १० सेंटिमीटरमध्ये थांबली, तर आतल्या माणसांचे अवत्वरण गुरुत्व त्वरणाच्या सुमारे ११५ पट होईल. असा धक्का जिवावर बेततो. तोच भाग घडीच्या कागदासारखा ६० सेंटिमीटर चुरगळला, तर हा आकडा १९ पटींवर येतो. पट्टा बांधलेला माणूस एवढा धक्का बहुधा सोसू शकतो. थांबण्याचे अंतर सहापट झाले, धक्का एक षष्ठांश झाला. मर्सिडीज कंपनीतील अभियंता बेला बारेन्यी ह्यांनी ही कल्पना मांडली आणि १९५९ सालच्या त्या कंपनीच्या मोटारीत ती प्रथम प्रत्यक्षात आली. मोटारीची दोन्ही टोके मऊ आणि मधली माणसांची खोली कणखर, असे हे सूत्र आहे.

शिडीच्या ताठ तुळया चुरगळण्याला सहजासहजी तयार नसतात. एकसंध पेटीत मात्र कुठला भाग आधी दबावा आणि कुठला शेवटपर्यंत टिकावा हे पत्र्याची जाडी, आकार आणि जात बदलून ठरवता येते. नव्या एक्सप्लोररच्या मधल्या खोलीत बोरॉन मिसळलेले अतिबलवान पोलाद वापरले होते. असे पोलाद लाल होईपर्यंत तापवून साच्यात दाबतात आणि तेथेच झटकन थंड करून कठीण करतात. मोटार उलटली तर सारे वजन छतावर येते. म्हणून छताने मोटारीच्या वजनाच्या तिप्पट भार सोसावा असा कडक नियम अमेरिकेने २००९ साली केला. त्यापूर्वी दीडपट पुरत असे.

ह्या गाडीत आणखी एक नवी गोष्ट होती. मागच्या आसनांवरच्या मुलांसाठी फुगणारा पट्टा. टक्कर होताच थंड दाबलेला वायू पट्ट्यात शिरतो आणि तो नळीसारखा फुगतो. त्यामुळे छातीवरचा जोर साध्या पट्ट्याच्या पाचपट क्षेत्रफळावर विभागला जातो. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ हे तुम्हांला ठाऊकच आहे. तेव्हा क्षेत्रफळ पाचपट झाले की दाब एक पंचमांश झाला.

चाकांना ब्रेक, पण एकाच वेळी नव्हे

ठेच लागल्यावर वाचवण्यापेक्षा मोटार आडवी घसरूच न देणे केव्हाही चांगले. हे काम विजाणू उपकरणे करतात. नदीत होडी वल्हवताना एका बाजूचे वल्हे पाण्यात रोवून धरले की होडी त्या बाजूला वळते. स्थिरता-नियंत्रक यंत्रणा नेमके हेच करते. मोटार कोणत्या दिशेला फिरत आहे हे एक संवेदक सेकंदाला अनेक वेळा मोजतो आणि चालकाने स्टिअरिंग किती फिरवले आहे ह्याच्याशी ते ताडून पाहतो. मेळ बसला नाही, तर संगणक चारांपैकी नेमक्या चाकाला ब्रेक लावतो आणि एंजिनाची शक्ती कमी करून मोटार वाटेवर आणतो. नव्या एक्सप्लोररमधील यंत्रणा मोटार किती झुकते आहे हेही पाहत असे. वळणावर वेग जास्त आहे असे दिसले, तर ती एका सेकंदात ताशी सुमारे १६ किलोमीटरपर्यंत वेग कमी करू शके. अशी स्थिरता-नियंत्रक यंत्रणा सप्टेंबर २०११ पासून अमेरिकेत सर्व नव्या छोट्या वाहनांना सक्तीची झाली. तिच्यामुळे एकट्या मोटारीच्या प्राणघातक अपघातांचा धोका सुमारे निम्म्यावर येतो, असे तेथील अभ्यासांत आढळले आहे.

इंधन आणि बाजार

सांगाडा बदलण्यामागे सुरक्षिततेबरोबर दुसरे कारण होते इंधन. २००८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत पेट्रोल गॅलनला ४ डॉलरवर गेले आणि लोकांनी जड गाड्यांकडे पाठ फिरवली. २००९ साली फक्त सुमारे ५२ हजार एक्सप्लोरर खपल्या. नव्या गाडीने महामार्गावर लिटरला सुमारे १०.६ किलोमीटरचे अंतर कापले. जुन्या सहा सिलिंडरच्या गाडीचा आकडा सुमारे ८.५ होता. आणि हे सारे एंजिनाची शक्ती २१० वरून २९० अश्वशक्ती झाली असताना! सुधारलेले एंजिन, सहा वेगांची गिअरपेटी आणि हवेला कमी अडणारा आकार ह्यांचा त्यात वाटा होता. साध्या नमुन्यात एंजिन थेट पुढची चाके फिरवत असल्याने मागे जाणारा लांब दांडाही लागत नव्हता.

२०११ साली खप सुमारे १ लाख ३५ हजारांवर गेला. त्या वर्षी ह्या गाडीला उत्तर अमेरिकेतील वर्षाचा सर्वोत्तम 'ट्रक' हा मान मिळाला. मालमोटारीचा सांगाडा टाकून दिला, त्याच वर्षी मालमोटारीचे बक्षीस मिळाले! पुढे २०१९ साली आलेल्या एक्सप्लोररमध्ये एंजिनाची शक्ती पुन्हा मुख्यतः मागच्या चाकांकडे गेली, पण एकसंध सांगाडा तसाच राहिला. आपल्या महाराष्ट्रातही सप्टेंबर २०११ मध्ये हाच बदल घडला. पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यात तयार होणारी सात आसनांची महिंद्र एक्सयूव्ही ५०० बाजारात आली. जीपसाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीची ही गाडी शिडीशिवाय, एकसंध सांगाड्यावर उभी होती.

बाहेरच्यांचे काय?

मोटारीच्या आतली माणसे अधिक सुरक्षित झाली. पण रस्ता केवळ त्यांचाच नसतो. २,००० किलोग्रॅमची मोटार आणि १,००० किलोग्रॅमची छोटी मोटार सेकंदाला १५ मीटर वेगाने समोरासमोर आदळून एकमेकींत अडकल्या, तर संवेगाच्या अक्षय्यतेनुसार दोन्ही मिळून मोठ्या मोटारीच्या दिशेने सेकंदाला ५ मीटर वेगाने सरकतील. मोठीच्या वेगात १० मीटरचा फरक पडला. छोटीच्या वेगात मात्र २० मीटरचा, कारण ती उलट्या दिशेला फेकली गेली. सांगाडा कितीही सुधारला तरी हे गणित बदलत नाही.

पायी चालणाऱ्यांची स्थिती आणखी कठीण आहे. ठेंगण्या मोटारीची धडक पायांना बसते आणि माणूस बॉनेटवर पडतो. उंच, उभ्या तोंडाच्या गाडीची धडक छातीला किंवा लहान मुलाच्या डोक्याला बसते. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२३ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. बॉनेट एक मीटरहून उंच असलेल्या गाड्यांची धडक बसल्यास पादचाऱ्याच्या मृत्यूची शक्यता ठेंगण्या, उतरत्या तोंडाच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के अधिक असते, असे तीत दिसून आले. त्या देशात २००९ साली सुमारे ४,१०० पादचारी वाहनांखाली मेले. २०२२ साली ही संख्या साडेसात हजारांवर गेली. ह्याला रात्रीचा अंधार, वेग, रस्त्यांची रचना अशी अनेक कारणे आहेत. गाड्यांची वाढलेली उंची हे त्यांपैकी एक.

तेव्हा यापुढे एखादी नवी उंच मोटार दिसली, तर तिच्या रंगाबरोबर आणखी तीन गोष्टी पाहा. तिची चाके किती दूर आहेत, टपावर काय लादले आहे आणि तिचे बॉनेट तुमच्या धाकट्या भावंडाच्या डोक्यापेक्षा उंच आहे का. सांगाडा सुधारून आतल्यांचे प्राण वाचवण्याचा मार्ग अभियंत्यांनी शोधला. रस्त्यावरच्या माणसाला वाचवणारी मोटार घडवण्याचे काम अजून बरेच बाकी आहे. ते कदाचित तुमच्यापैकीच कुणाच्या हातून व्हायचे असेल.

विचार करा

१. एका मोटारीच्या चाकांमधील अंतर १.४४ मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ०.६० मीटर आहे. तिचा स्थिरतांक किती? टपावरच्या सामानामुळे गुरुत्वमध्य ०.७२ मीटरवर गेला तर तो किती होईल?

२. वेग दुप्पट झाला तर तेवढ्याच अवत्वरणाने थांबण्यासाठी मोटारीचा पुढचा भाग किती पट अधिक चुरगळावा लागेल?

३. तुमच्या गावातील एस.टी. बस, रिक्षा आणि ट्रॅक्टर ह्यांच्या चाकांमधील अंतर मोजा. ह्यांपैकी वळणावर कलंडण्याचा धोका कोणाला अधिक, ते कारणासह लिहा.